ॲव्हरेज पडलं तेव्हा

मी पिकअप गाडी बोलतेय. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि हौद्याच्या खाली, नंबरप्लेटच्या शेजारी, मुठीएवढा लोखंडी हूक. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही घडलं ते त्या हुकामुळे. तो बसवला नसता तर मी एव्हाना भंगारात गेले असते आणि कोणाला माझी आठवणही राहिली नसती.

माझा पहिला मालक बागा लावून देणारा ठेकेदार होता. माझ्या हौद्यात तो कुंड्या, खताची पोती आणि हिरवळीच्या गुंडाळ्या टाकायचा. ओझं असं नव्हतंच. सिग्नलला थांबलं की उगाच ॲक्सिलरेटर दाबून मला गुरगुरायला लावायचा आणि हिरवा दिवा लागला की शर्यत असल्यासारखा सुटायचा. डिझेल किती जातंय हे त्याने कधी पाहिलं नाही. टाकी संपली की भरायची, एवढाच त्याचा हिशेब. पुढे त्याने मोठी गाडी घेतली आणि मला विकायला काढलं.

मला बघायला बहीण-भाऊ आले. त्यांचा लाकडी होड्या बांधायचा छोटा कारखाना होता, वडिलांपासून चालत आलेला. भाऊ होड्या बांधायचा आणि बहीण त्या गिऱ्हाइकाकडे पोचवायची. भावाने माझं बॉनेट उघडलं, हौद्यावर दोन चार ठोके मारले, खाली वाकून गंज पाहिला. बहिणीने यातलं काहीच केलं नाही. तिने किल्ली मागितली, पायातल्या चपला काढून सीटमागे नीट ठेवल्या आणि अनवाणी बसली. एक चक्कर मारून आल्यावर म्हणाली, "हिला घेऊ. मागे हूक बसवून घे."

सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. वडील गेल्यावर कारखान्यात परत आल्या, कारण भावाला लाकडातलं सगळं कळायचं आणि रस्त्यावरचं काही कळायचं नाही. तो गाडी चालवायला बसला की खांदे कानापर्यंत वर यायचे.

पहिल्यांदा ट्रेलर जोडला तेव्हा मला वाटलं कोणीतरी मागून कमरेला मिठी मारून बसलंय आणि सोडायला तयार नाही. ट्रेलरवर भली मोठी नाव, तिच्यावर जाड कापडाचं आच्छादन. जागेवरून हलायलाच जीव गेला. मोकळी असताना एका टाकीत मी जेवढी जाते, त्याच्या निम्म्या वाटेवरच त्या दिवशी काटा खाली आला.

भावाचा चेहरा पडला. ताई म्हणाल्या, "एवढं लागणारच. पण यातलं थोडं वाचवता येतं."

"ओझं तर तेवढंच राहणार ना?"

"सगळ्यांना वाटतं डिझेल वजन खातं. चढावर आणि जागेवरून उठताना खातं, ते खरं. पण सपाट रस्त्यावर डिझेल वारा खातो. तू जितकी घाई करशील तितका तो जास्त खाणार."

त्या कधी घाई करायच्या नाहीत. मागचे हॉर्न वाजवून थकायचे आणि पुढे निघून जायचे, त्या आपल्या एका वेगाने चालत राहायच्या. निघण्याआधी टायर गार असताना हवा बघायच्या, माझ्याही आणि ट्रेलरच्याही. नाव ट्रेलरवर चढवताना बोटबोटभर पुढे मागे करायला लावायच्या, वजनाचा थोडा भार माझ्या हुकावर येईल अशी. भार मागे गेला तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आच्छादनाचा एखादा कोपरा फडफडत असला तर रस्त्याच्या कडेला थांबून पट्टा आवळायच्या. फडफडणारं कापड वारा अडवतं आणि तो अडवलेला वारा शेवटी मलाच ओढावा लागतो.

आणि त्यांचा पाय. तो मी विसरणार नाही. अनवाणी तळवा पेडलवर असा टेकायचा की दाबला कधी आणि सोडला कधी हे मला कळायचंच नाही, फक्त वेग बदललेला असायचा. चढाचा माथा येण्याआधी त्या पाय हलका करायच्या. लांबवर लाल दिवा दिसला की तिथूनच पाय काढून घ्यायच्या आणि मी पोचेपर्यंत तो हिरवा झालेला असायचा. थांबलेल्या ओझ्याला उठवण्याइतकं महाग काम दुसरं नाही, म्हणून शक्य तितकं थांबायचंच नाही.

"ताई गाडी चालवत नाही," भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा, "तिची समजूत काढते."

भावाची बायकोही तिथेच काम करायची. नावांची आच्छादनं, बसायच्या गाद्या, शिडांची दुरुस्ती, असं सगळं शिवणकाम तिच्याकडे. कापडाचे तागे आणायला ती मला घेऊन जायची, पण मोकळीच. ट्रेलर लावून चालवायचं कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. नणंद-भावजयीत भांडण नव्हतं. पण बोलणं मोजकं होतं. भावजय म्हणायची, "ताई, चहा ठेवलाय." ताई म्हणायच्या, "ठेव तिथे." भावजय मला परत आणून लावायची तेव्हा ताईंचं एकच वाक्य असायचं, "सीट मागे करून ठेवत जा, माझे गुडघे आपटतात."

अशी कितीतरी वर्षं गेली. मी नावा ओढल्या, होड्या ओढल्या, एकदा एक अख्खं लाकडी धक्क्याचं छप्पर ओढलं. माझ्या डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा एक आकडा दिसतो. ताई कुठेही पोचल्या की किल्ली काढण्याआधी तो बघायच्या आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा वर जायचा. स्वतःचं कौतुक त्या एवढंच करायच्या.

मग तो आकडा पडायला लागला.

एकदम नाही. हळूहळू, एकेका खेपेला थोडा थोडा. आधी ताईंना वाटलं वारा उलटा होता. मग वाटलं पंपावरचं डिझेल भेसळीचं असेल, म्हणून पंप बदलला. फरक पडला नाही. भावाला वाटलं टायर झिजलेत, टायर नवे आले. फरक पडला नाही. गॅरेजवाल्याने एअर फिल्टर बदलला, नोझल साफ केले. ट्रेलरच्या एका चाकाचा ब्रेक चिकटून राहत होता, चाक हात लावला तर भाजेल इतकं तापायचं. तो ब्रेक सुटा केल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. आकडा दोन खेपा जरा वर आला आणि पुन्हा खाली गेला.

मला कारण ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

थंडीचे दिवस होते आणि ताई आता कापडी बूट घालून बसत होत्या. भावाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "केबिनची जमीन गार लागते." खरं तर त्यांना ती गार लागत नव्हती. काहीच लागत नव्हतं. त्यांचा पाय पेडलवर यायचा तो धपकन यायचा. दाब जास्त व्हायचा, मी उसळायचे, मग त्या आवाजावरून ओळखून पाय उचलायच्या, तो एकदम पूर्ण उचलला जायचा. पुन्हा दाब, पुन्हा उचल. मागे एवढं ओझं असताना असं झटक्याझटक्याने चालवलं तर डिझेल भसाभसा जातं. जी बाई माझी समजूत काढायची तीच आता मला सारखी दचकवत होती, आणि तिला ते कळत नव्हतं.

एक दिवस चढावर माझं इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि चाकांना जोर मिळेना. गॅरेजवाल्याने मला जॅकवर उचललं, बराच वेळ माझ्या पोटाखाली झोपून काम केलं आणि हात पुसत बाहेर आला.

"क्लच प्लेट जळलीय. कोणीतरी क्लचवर पाय ठेवून चालवतंय."

"हिला मी चालवते," ताई म्हणाल्या.

गॅरेजवाला ताईंना ओळखून होता. तो गडबडला. "मग प्लेटच हलकी आली असेल. हल्ली मालाचं काही सांगता येत नाही."

नवी प्लेट बसली. परत येताना ताई सीटवर ताठ बसल्या होत्या. कोणीतरी आपल्या चालवण्याला नावं ठेवली याचा राग त्यांच्या पाठीतून मला सीटवर जाणवत होता. आणि त्या सगळ्या वाटेवर त्यांचा डावा पाय क्लचवर टेकलेला होता.

घरी बहीण-भावाचं वाजलं. शेडमध्ये माझ्यासमोरच.

"ताई, गाडी म्हातारी झाली. आणखी किती ओतायचं हिच्यात? विकून टाकू."

"गाडीला काही झालेलं नाही. तुझ्या नावांची नाकं रुंद झालीत. समोरून भिंत ओढत असल्यासारखं वाटतं."

"नाकं? वडिलांच्या मापाने बांधतो मी, एक बोट इकडे तिकडे नाही."

"मग जाऊन बघ मापं पुन्हा."

भाऊ खरोखर माप घेऊन आला. नाकं होती तशीच होती. त्याने ते ताईंना सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मला बघायला एक दोन अनोळखी माणसं यायला लागली. बॉनेट उघडून बघायची, हौद्यावर ठोकायची. मी विकायला निघाले होते.

त्या दरम्यान भावाची पाठ धरली. लाकडाचा ओंडका उचलताना काहीतरी झालं आणि तो आडवा पडला. नेमकी त्याच आठवड्यात मोठी नाव पोचवायची होती. घाटाच्या पलीकडे नदी होती आणि पैलतीरावरची माणसं तरीने ये-जा करायची, म्हणजे नावाड्याच्या नावेतून. त्याची जुनी नाव पाणी घ्यायला लागली होती, रोज सकाळी उपसून काढावं लागायचं. त्याचे फोनवर फोन येत होते. ताईंच्या सोबत पट्टे सोडायला, चाकांना दगड लावायला कोणीतरी हवं होतं. भाऊ पडल्या पडल्या बायकोकडे बघून म्हणाला, "हिला घेऊन जा."

भावजय डबा घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसली. घाटाच्या पायथ्यापर्यंत दोघींमध्ये बोलणं झालं ते एवढंच की खिडकी उघडू का, आणि उघड.

चढ आम्ही कसातरी पार केला. माथ्यावर मी इतकी तापले होते की ताईंना थांबावं लागलं. पूर्वी असं होत नसे. आकडा बघून त्यांनी मान फिरवली.

उतार लागला. ओझं मागे असलं की चढापेक्षा उताराची भीती जास्त, कारण तिथे ट्रेलर मला ढकलत असतो. पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणाआधी ताईंनी ब्रेक दाबायला पाय टाकला आणि तो ब्रेकच्या कडेवरून घसरून ॲक्सिलरेटरवर पडला. मी पुढे झेपावले. मागे ट्रेलर हलला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. ताईंनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, गिअर खाली आणला, आणि हे सगळं करताना त्यांनी जे केलं ते भावजयीने पाहिलं. त्या रस्ता सोडून खाली बघत होत्या. पाय कुठे आहे ते शोधत होत्या.

वळणापुढे रस्त्याला रुंद, सपाट जागा होती. तिथे आम्ही थांबलो. माझा पंखा तेवढा फिरत होता.

"बूट निसटला," ताई म्हणाल्या. "या बुटांची सवय नाही मला. काढूनच टाकते."

त्यांनी वाकून उजवा बूट ओढला. तो येईना. पुन्हा ओढला. तरी येईना.

"थांबा, मी बघते," असं म्हणत भावजय उतरली, दाराच्या बाजूने आली आणि खाली बसली. तिने बुटाचा तळ वर केला आणि हात मागे घेतला. नावेच्या फळ्या ठोकायला वापरतात तो तांब्याचा खिळा तळातून आरपार गेला होता. त्याचं चपटं डोकं तेवढं बाहेर दिसत होतं. सकाळी कारखान्याच्या आवारात कुठेतरी पायाखाली आला असणार.

भावजयीने चिमटीत धरून तो ओढला. बूट निघाला. मोजा तळाशी काळपट लाल आणि ओला होता.

ताई बघत होत्या. दुसऱ्या कोणाचा तरी पाय बघावा तशा.

"दुखतंय?" भावजयीने विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही गं."

"ताई, हे कधीपासून आहे?"

ताईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या. मग मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं, न घालताही. म्हटलं थंडी गेली की जाईल."

"कोणाला बोलला नाहीत."

"काय बोलायचं? पाय गार पडतात म्हणून?"

भावजयीने आपल्या ओढणीचा काठ फाडून तो पाय बांधला. मग ती उठली, आत हात घालून माझी किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"किल्ली दे," ताई म्हणाल्या. "खाली नावाडी वाट बघतोय. उतार थोडाच राहिलाय. हळू नेते."

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. तुम्हाला पाय कुठे आहे ते बघावं लागतंय. ट्रेलर इथेच सोडायचा. मी तुम्हाला दवाखान्यात नेते."

"नाव रस्त्यावर टाकून? आजपर्यंत मी एकही नाव अर्ध्यावर टाकलेली नाही. तू आता मला शिकवणार?"

"नाव लाकडाची आहे, ताई," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण किल्ली तिने मुठीत आवळून धरली होती. "तिला उद्या नेता येईल."

ताईंनी रस्त्याच्या खाली, दरीकडे पाहिलं. मग स्वतःहून सरकून शेजारच्या सीटवर गेल्या.

भावजयीने ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, ट्रेलरचा पुढचा लोखंडी टेकू जमिनीला लावला, साखळ्या सोडल्या. हूक सुटला. ताई आतून सांगत होत्या, आधी हे, मग ते, आणि ती तसं करत होती. मग तिने नावाड्याला फोन लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, "हो, एक दिवस. माफ करा." आणि फोन ठेवून ताईंना सांगितलं, "म्हणतात, जुनी आणखी एक दिवस उपसू. आधी बाईंचा पाय बघा."

मोकळी मी उतरले तेव्हा मला विचित्र वाटलं. नाव मागे घाटात उभी होती, आणि आरशात तिचं आच्छादन लहान लहान होत गेलं.

दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही, मी बाहेर उभी होते. संध्याकाळी दोघी येऊन बसल्या. ताईंच्या पायाला पांढरी पट्टी होती. भावजयीने किल्ली घातली, पण फिरवली नाही.

"डॉक्टर म्हणाले डोळे दुसरीकडे करा," ताई म्हणाल्या, "आणि टोचलं की सांगा. मी खिडकीकडे बघत बसले. वाटलं, अजून सुरूच केलं नाही. वळून बघितलं तर ते हात धूत होते."

भावजयीने किल्ली सोडून त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"साखर वाढलीय म्हणे. बरीच. खूप दिवसांपासून. पायातल्या नसांना लागलीय. गेलेलं परत येईल असं नाही सांगत. आणि गाडी बंद." त्यांनी पट्टीकडे पाहिलं. "शाळेची बस चालवली मी, तेव्हा असं झालं असतं तर?"

"तेव्हा झालं नाही ना."

"आणि मी गॅरेजवाल्यावर रागावले."

घरापर्यंत भावजय माझ्या सीटच्या अगदी टोकावर बसून, दोन्ही हातांनी घट्ट धरून चालवत होती. ताईंनी एकदाही तिला काही सुचवलं नाही. त्या किती थकल्या होत्या हे मला त्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी रोजावर बोलावलेला एक ड्रायव्हर आला. घाटातून ट्रेलर उचलून त्याने नाव नदीवर पोचवली. पुढचे काही महिने तोच येत राहिला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळीकडे लवकर पोचायचं असायचं. आच्छादन फडफडू द्यायचा, चढाच्या माथ्यापर्यंत दाबत न्यायचा आणि सिग्नलवर कचकन थांबायचा. माझा आकडा वर आला नाही तो नाहीच.

ताईंच्या जखमेने बराच त्रास दिला. शेवटी पायाची करंगळी काढावी लागली. त्या घरातच असायच्या. शेडच्या दारापर्यंत यायच्या, माझ्याकडे न बघता परत जायच्या.

एकदा दुपारी भाऊ एकटाच येऊन माझ्यात बसला. पाठ अजून पुरती सुधारली नव्हती, कण्हत चढला. इंजिन चालू केलं नाही. चप्पल काढली आणि नुसता तळवा पेडलवर ठेवून बसला. थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "आणि आम्ही नाकावरून भांडत बसलो," असं तो म्हणाला. ऐकायला मीच होते. त्यानंतर मला बघायला अनोळखी माणसं आली नाहीत.

मग एके सकाळी ड्रायव्हरने निरोप पाठवला की त्याला पक्की नोकरी लागली. भाऊ दुसरा शोधायला निघाला होता. भावजय शिवणाचं मशीन सोडून उठली, ताईंच्या खोलीकडे गेली आणि थोड्या वेळाने दोघी बाहेर आल्या. ताईंच्या हातात काठी होती.

"हिला शिकायचंय म्हणते," ताई भावाला म्हणाल्या. "मी म्हटलं, उलटं घेता आलं तर पुढचं बघू."

ट्रेलर मागे घेणं हे सगळ्यात अवघड काम. मी ज्या बाजूला वळते त्याच्या उलट बाजूला तो जातो. पहिल्या दिवशी भावजयीने ट्रेलर आणि मी यांचा असा काटकोन केला की भावाने डोळ्यांवर हात घेतला. दुसऱ्या दिवशी शेडचं दार निखळलं. ताई एका उपड्या होडीवर बसून, पट्टी बांधलेला पाय समोर ठेवून, काठीने हवेत रेघा ओढत होत्या.

"स्टिअरिंग वरून धरू नकोस. खाली हात ठेव. आता ट्रेलर जिकडे हवा तिकडे हात ने. नेलास? बघ, येतोय की नाही?"

"येतोय," भावजय म्हणाली. "पण दार मधे येतंय."

"दार तुझ्या नवऱ्याने चुकीच्या जागी लावलंय. तू तुझं कर."

ताईंना हसताना मी फार दिवसांनी ऐकलं.

त्यांच्या पायाला आता सांगता येत नव्हतं, म्हणून त्या कानांनी चालवायला लागल्या. शेजारच्या सीटवर बसायच्या, डोकं मागे टेकवायच्या आणि माझ्या आवाजावरून बोलायच्या. "जड झाली, गिअर खाली घे." "आता नुसती गुणगुणतेय, तशीच राहू दे." "पाय काढ, पुढे लाल आहे." भावजय आधी सांगितलेलं करायची. मग सांगण्याआधीच करायला लागली, आणि ताई नुसतं 'हं' म्हणायच्या. मग 'हं'ही म्हणेनाशा झाल्या. भावजय चपला काढून चालवते का, हे तुम्ही विचाराल. नाही. तिला बूटच बरे वाटतात, पातळ तळाचे, आणि ते ती रोज झटकून, तळ बघून मगच घालते.

आकडा हळूहळू वर आला. पूर्वीइतका नाही, मीही तरुण राहिलेले नाही. पण कोणाला चेहरा पाडायला लागू नये इतका आला.

आता माझा रंग दारांच्या कडेने उडालाय. हौद्याच्या एका कोपऱ्यात गंज धरलाय. मला किती दिवस चालवतील ते ठाऊक नाही. तुमच्याकडेही कोणी माझ्यासारखी असेल, मागे ओझं ओढणारी. ती जास्त प्यायला लागली तर टायर बघा, फिल्टर बघा, ब्रेक चिकटलाय का बघा. ते सगळं बघायलाच हवं. पण त्याबरोबर चालवणाऱ्या माणसाला शेजारी बसवून, चहाचा कप हातात देऊन, बरं आहे ना म्हणून विचारा. लगेच खरं सांगेल असं नाही. दुसऱ्यांदा विचारा.

आज आम्ही तिघी निघालोय. मागे तळ्याकाठच्या एका हॉटेलची नाव आहे. हवा बरी आहे, पट्टे नीट आवळलेले आहेत, कापड फडफडत नाही. ताई शाळेच्या बसच्या गोष्टी सांगत होत्या. सांगता सांगता त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. भावजयीने बाजूला पाहिलं आणि खिडकीची काच हळूच वर घेतली. ताईंना झोप लागलीय. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत त्यांचा डोळा लागलेला मी आजच बघतेय.

समोर चढ दिसतोय. भावजयीने आत्ताच गिअर बदलला, इतका अलगद की मला उशिरा कळलं. आता माझं बोलणं पुरे. चढावर दम लागतो आणि त्यांची झोप मोडायला नको.